कडाक्याची थंडी आणि बागेतील झाडे

मार्गशीर्ष सरत आला, की गोदाकाठच्या निफाड तालुक्यातील द्राक्षबागाईतदाराची झोप हलकी होते. संध्याकाळी आकाश निरभ्र असले, वारा पडलेला असला आणि हवा कोरडी झालेली असली, म्हणजे तो रात्री दोन-तीन वेळा उठून बागेत फेरी मारतो. ऑक्टोबरात छाटलेल्या वेलींवर या सुमारास घड धरलेले असतात आणि वर्षभराचा खर्च त्या घडांत गुंतलेला असतो. डिसेंबर 2018 च्या अखेरीस निफाड येथे पारा सुमारे 2 अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. पानांवरचे दव गोठले आणि पहाटेच्या अंधारात बागांतून शेकोट्या पेटल्या.

यात एक नवल आहे. द्राक्षवेल ही मुळात थंड हिवाळा सोसणारी वनस्पती होय. फ्रान्स व जर्मनी या देशांत तिचे खोड शून्याखाली 15 अंशांची थंडी सोसून वसंतात पुन्हा पालवते. मग निफाडची शून्यावरची थंडी तिला का बाधते? वेल तीच, परंतु युरोपातील वेल हिवाळ्यात पाने टाकून झोपलेली असते. निफाडची वेल त्याच वेळी पूर्ण जागी असते. तिला थंडीची झोप मिळालेलीच नसते. ऑक्टोबरची छाटणी करून व डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावून बागाईतदाराने तिला मुद्दाम जागे केलेले असते. जाग्या झाडाला थंडी वेगळ्या रीतीने लागते, आणि तयारी न झालेल्या झाडाला ती सर्वांत अधिक लागते. बागेच्या रक्षणाचे सर्व उपाय या एका गोष्टीवर उभे आहेत.

थंडीने झाडात काय घडते

थंडीचा पहिला परिणाम वाढीवर होतो. मुळांचे पाणी व अन्नद्रव्ये शोषण्याचे काम मंदावते, पाने अन्न कमी तयार करतात आणि फळांची फुगवण थांबते. हा परिणाम तात्पुरता असतो. ऊब आली की झाड पुन्हा कामास लागते. काढणी मात्र काही दिवस लांबते.

दुसरा परिणाम पेशींच्या पडद्यांवर होतो. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध द्रव्याचा एक अतिशय पातळ पडदा असतो. आत काय घ्यावे आणि बाहेर काय जाऊ द्यावे, हे तो ठरवितो. पौषातील सकाळी घरातील खोबरेल बाटलीत थिजते, पण शेजारच्या बाटलीतील करडईचे तेल पातळच राहते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. झाडांचेही असेच आहे. ज्यांच्या पडद्यातील स्निग्ध द्रव्य लवकर थिजते, ती झाडे पाणी गोठण्यापूर्वीच, म्हणजे 10 ते 12 अंशांच्या आसपासच आजारी पडू लागतात. केळी, पपई, आळू, मिरची आणि टोमॅटो ही उष्ण प्रदेशातील पिके या वर्गात येतात. गहू, हरभरा, वाटाणा, कोबी आणि स्ट्रॉबेरी यांचे पडदे कमी तापमानातही लवचिक राहतात, म्हणून त्यांना हिवाळा मानवतो.

तिसरा परिणाम सर्वांत घातक होय. पान शून्याखाली गेले, म्हणजे बर्फ प्रथम पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेत धरतो. तो बर्फ पेशीतील पाणी बाहेर ओढून घेतो आणि पेशी आतून कोरडी पडते. कडाक्याच्या थंडीने गेलेले पान पाण्यावाचून जळाल्यासारखे दिसते, याचे कारण हेच. ते खरोखर कोरडे होऊन मेलेले असते. बर्फ पेशीच्या आतच धरला, तर ती तत्काळ फुटून मरते.

जमीन फार गार झाली असता आणखी एक घोटाळा होतो. सकाळी ऊन चढते, पानांतून पाणी उडू लागते, परंतु गारठलेल्या मुळांना ते वर पोहोचविता येत नाही. ओल्या जमिनीत उभे असलेले झाड अशा वेळी तहानेने माना टाकते.

तयारीस वेळ लागतो

थंडी हळूहळू वाढत गेली, तर थंड हवामानातील झाडे स्वतःच तिच्यासाठी सिद्ध होतात. दिवस लहान होऊ लागले आणि रात्री क्रमाने गार होत गेल्या, की ती आपली वाढ आवरतात, पेशींत साखर साठवितात आणि पडद्यातील स्निग्ध द्रव्य बदलून घेतात. साखर मिसळलेले पाणी साध्या पाण्यापेक्षा कमी तापमानाला गोठते. थंडीतील गाजर व कोबी अधिक गोड लागतात, ती गोडी म्हणजे झाडाने आपल्या रक्षणासाठी केलेली तरतूदच आहे.

ही तयारी एका रात्रीत होत नाही. तिला कित्येक दिवस, काही झाडांत कित्येक आठवडे लागतात. उलट, मध्येच ऊब पडली की ती तयारी थोड्याच दिवसांत उतरते. म्हणूनच पारा किती उतरला, एवढ्यावरून नुकसान ठरत नाही. तो उतरण्यापूर्वीचे पंधरा दिवस कसे गेले, हेही पाहावे लागते.

दक्षिण फ्रान्समधील प्रोव्हान्स प्रांताने हा धडा 1956 साली घेतला. त्या वर्षी जानेवारी सौम्य गेला आणि ऑलिव्हच्या झाडांत रस चढू लागला. फेब्रुवारीच्या आरंभी एकाएकी उत्तरेकडून कडाक्याची थंडी आली व पारा शून्याखाली 10 अंशांहूनही खाली गेला. पिढ्यान्‌पिढ्या हिवाळे पाहिलेली झाडे फाटली व वाळली. त्याच देशात 2021 सालच्या मार्चअखेरीस अवेळी ऊब पडून द्राक्षवेलींचे डोळे लवकर फुटले. त्यानंतर एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात आलेल्या गोठणाऱ्या रात्रींनी कोवळी फूट जाळून टाकली. जी वेल झोपेत असता शून्याखाली 15 अंश सोसते, तिची कोवळी फूट शून्याखाली 2 अंशांच्या सुमारासही टिकत नाही.

पृथ्वीचे हवामान उबदार होत असता थंडीची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु धोका येथेच आहे. हिवाळा एकंदरीने सौम्य झाला, तरी थंडीच्या लाटा यायच्या थांबलेल्या नाहीत. त्या येतात तेव्हा उबेने फसलेले, कोवळ्या फुटीचे, तयारी नसलेले झाड त्यांना सापडते. महाराष्ट्रातही कार्तिक-मार्गशीर्षात ढगाळ व उबदार हवा राहून नंतर एकाएकी आकाश निवळले, तर बागेची अवस्था अशीच होते.

द्राक्ष आणि केळी

थंडीच्या लाटेत द्राक्षाच्या मण्यांची फुगवण मंदावते आणि साखर भरण्यास विलंब लागतो. गार रात्रीनंतर दुपार तापली, तर मणी तडकतात. थॉमसन सीडलेस व तिच्यापासून निवडलेल्या तास-ए-गणेश यांसारख्या पांढऱ्या जातींत मण्यांवर गुलाबी छटा येते. यास बागाईतदार ‘पिंक बेरी’ म्हणतात. असा माल खाण्यास वाईट नसला, तरी निर्यातीस चालत नाही. मण्यांत पाणी उतरण्यापूर्वी घड कागदाने झाकल्यास ही छटा पुष्कळ अंशी टळते, असा अनुभव आहे. फुगवण रेंगाळली म्हणून एकदम भरपूर पाणी देणे मात्र चुकीचे होय. पक्वतेकडे झुकलेला मणी एकाएकी पाणी शोषून फुटतो. ओल सारखी राहील, एवढेच पाणी द्यावे.

केळीची गोष्ट निराळी आहे. ती पानझड करून झोपू शकत नाही आणि थंडीसाठी द्राक्षाप्रमाणे खोड कणखरही करू शकत नाही. तिला थंडीपासून लपविणे एवढाच मार्ग उरतो. खानदेशात जून-जुलैमध्ये लावलेल्या मृगबागेत घड आतल्या आत तयार होण्याचे काम हिवाळ्यातच चालू असते. त्या वेळी थंडी पडली, तर फण्या कमी धरतात. निसवण चालू असता पाने जवळजवळ येऊन गुच्छासारखी होतात आणि घड गळ्यातच अडकून वेडावाकडा बाहेर पडतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेल्या कांदेबागेत रोपे लहान असतात. त्यांची वाढ खुंटते व पाने पिवळी पडतात. तयार घड गारठला, तर वरून बरा दिसूनही आतून सालीखाली काळसर रेषा उमटतात आणि पिकताना त्यास मळकट रंग येतो. केळी 13 अंशांखाली साठवू नयेत, असा शीतगृहाचा नियम आहे. जे शीतगृहात घडते, तेच थंडीच्या रात्री झाडावर घडते.

थंडी कोणत्या वाटेने येते

भारतीय हवामान विभागाच्या निकषाप्रमाणे, मैदानी भागात किमान तापमान 10 अंश किंवा त्याखाली गेले व ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असले, म्हणजे थंडीची लाट समजतात. बागेच्या दृष्टीने मात्र तिचे दोन प्रकार ओळखावे लागतात, कारण दोहोंचे उपाय वेगळे आहेत.

पहिला प्रकार वाऱ्याच्या थंडीचा. उत्तर भारतावरून पाऊस-बर्फ देणारी वादळी हवा पुढे सरकली, की तिच्या मागोमाग उत्तरेचे कोरडे, गार वारे खानदेश, नाशिक व विदर्भ यांपर्यंत येतात. अशा वेळी वारा अडविणारी झाडांची रांग हाच खरा आधार होय. केळीबागेच्या उत्तरेस व पश्चिमेस शेवरी किंवा गजराज गवताच्या दोन ओळी लागवडीबरोबरच लावाव्यात. थंडी आल्यावर कुंपण उगवत नाही. वारा वाहत असता शेकोट्यांचा उपयोग नसतो; त्यांची ऊब वाऱ्याबरोबर निघून जाते.

दुसरा प्रकार शांत, निरभ्र रात्रीचा. ढगांचे पांघरूण नसल्यामुळे जमिनीची उष्णता सरळ आकाशात निघून जाते. जमिनीलगतची हवा गार व जड होते आणि पाण्याप्रमाणे उताराने वाहत सखल भागात साचते. म्हणूनच एकाच शिवारात टेकाडावरची बाग सुखरूप राहते आणि ओढ्याकाठची बाग करपते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठतात, तेव्हा बाजारपेठेत तेवढी थंडी नसते. त्याचे कारण हेच. हवामान केंद्रातील तापमापक जमिनीपासून सुमारे 4 फूट उंचीवर पेटीत असतो. तो 3 किंवा 4 अंश दाखवीत असता जमिनीलगतचे पान शून्याला पोहोचलेले असू शकते.

गार हवा साचू नये, म्हणून बागेच्या खालच्या अंगाचे दाट कुंपण थोडे मोकळे ठेवावे. पाण्याला निचरा देतात, तसाच निचरा या हवेलाही द्यावा. नवीन बाग लावताना खोलगट जागा टाळणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

पाणी, शेकोटी व पांघरूण

शांत रात्रीच्या थंडीवर पाणी हा पहिला उपाय आहे. ओली जमीन दिवसा अधिक उष्णता साठविते व रात्री ती वर येऊ देते. कोरडी, भुसभुशीत जमीन तसे करीत नाही. शिवाय विहिरीचे पाणी हिवाळ्यातही कोमट असते. एका एकरावर एक इंच पाणी दिले, तर ते सुमारे एक लाख लिटर भरते. ते 22 अंशांवरून 7 अंशांपर्यंत गार होताना जी उष्णता जमिनीस व हवेस देते, ती मिळविण्यासाठी चार क्विंटलांहून अधिक वाळलेले लाकूड जाळावे लागेल. पाणी थंडी पडण्याच्या आदल्या दिवशी किंवा मध्यरात्रीनंतर द्यावे. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची नसल्यास दुपारीच जमीन भिजवून ठेवावी. ठिबक असलेल्या बागेत एवढे पाणी पडत नाही. तेथे लाटेच्या आधीच वरंबा पुरता ओला करून ठेवावा. उघड्या तळ्यातील किंवा पाटातील पाणी रात्री स्वतःच गार झालेले असते, म्हणून विहिरीचे पाणी मिळत असल्यास तेच वापरावे.

शेकोट्यांविषयी एक गैरसमज आहे. धुराने थंडी अडते, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः धूर फारशी उष्णता धरून ठेवीत नाही. जो लाभ होतो तो विस्तवाच्या उबेचा. म्हणून एक मोठा जाळ करण्याऐवजी बागेत ठिकठिकाणी लहान लहान शेकोट्या कराव्यात. मोठ्या जाळाची ऊब सरळ वर निघून जाते व तिच्या जागी भोवतालची गार हवा आत ओढली जाते. टायर किंवा प्लॅस्टिक जाळून काळा धूर करणे तर सर्वथा टाळावे. त्याने बाग वाचत नाही आणि गावाची हवा बिघडते.

आच्छादनाचाही विचार नीट करावा. उसाच्या पाचटाचा थर मुळांना ऊब देतो, म्हणून केळीस तो हितकारक आहे. परंतु जमिनीची ऊब वर येण्यास तोच थर आडवा येतो. पोटऱ्याएवढ्या उंचीच्या भाजीपाल्यात, दव गोठण्याची भीती असलेल्या रात्री, जाड कोरड्या आच्छादनापेक्षा ओली, दबलेली जमीन अधिक उपयोगी पडते.

घराजवळच्या परसबागेतील मिरची, टोमॅटो व फुलझाडे रात्री जुन्या धोतराने किंवा गोणपाटाने झाकावीत. पांघरूण जमिनीपर्यंत टेकलेले असावे, म्हणजे जमिनीची ऊब आत कोंडून राहते. प्लॅस्टिकचा कागद वापरल्यास तो पानांस चिकटू देऊ नये. सकाळी ऊन आल्यावर पांघरूण काढावे. आंब्याच्या नव्या कलमांभोवती गवताची लहान खोप करावी आणि ती आग्नेयेकडे उघडी ठेवावी, म्हणजे सकाळचे ऊन आत शिरते. केळीचे घड वाळलेल्या पानांनी किंवा पिशवीने झाकावेत. हिरवी पाने मात्र कापू नयेत.

खताची शिस्त दिवाळीपासूनच पाळावी लागते. हिवाळ्याच्या तोंडावर नत्र अधिक दिल्यास कोवळी, रसरशीत फूट येते, आणि थंडी प्रथम तिलाच धरते. नत्र बेताने द्यावे, पालाश कमी पडू देऊ नये आणि अवेळी छाटणी करू नये.

थंडी गेल्यावर

सर्वांत मोठी हानी पुष्कळदा थंडी गेल्यानंतर, घाईने होते. काळवंडलेली पाने पाहून मालक कोयता हाती घेतो आणि जिवंत फांदीही कापून टाकतो. करपलेली पाने कुरूप दिसली, तरी ती खालच्या डोळ्यांवर पांघरूण घालीत असतात. पहिल्या लाटेमागून दुसरी येण्याचा संभव असतो. छाटणीने निघालेली नवी फूट तिच्या तोंडी सापडते. सालीवर नखाने हलकेच ओरखडून पाहावे. आत हिरवा थर दिसला, तर फांदी जिवंत आहे. महिनाभर वाट पाहावी, नवी पालवी कोठून फुटते ते नक्की कळू द्यावे आणि मगच मेलेला भाग कापावा. तोवर हलके पाणी द्यावे. खत नवी फूट दिसल्यावर द्यावे. प्रोव्हान्समधील शेतकऱ्यांनी 1956 नंतर ऑलिव्हची वाळलेली खोडे जमिनीसरशी कापली, परंतु मुळे राखली. त्या बुंध्यांतून पुष्कळ झाडे पुन्हा उभी राहिली. ज्यांनी मुळेच उपटली, त्यांना हे भाग्य लाभले नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या कामी एक सोपी गोष्ट करावी. शिवारातील उंच व सखल अशा दोन ठिकाणी, जमिनीपासून हातभर उंचीवर, साधा किमान तापमापक टांगावा आणि पौष-माघात रोज सकाळी दोहोंची नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावी. दोन हिवाळ्यांच्या नोंदी हाती आल्या, की कोणता तुकडा आधी गारठतो, केळी कोठे लावू नये आणि लाटेचा इशारा आल्यावर पाणी प्रथम कोणत्या बागेस द्यावे, हे गावाला आपल्याच अनुभवावरून ठरविता येईल. थंडी येणे कोणाच्या हाती नाही. ती येण्यापूर्वी झाडाला आणि जमिनीला सिद्ध करणे हे मात्र बागाईतदाराच्या हाती आहे, आणि त्या कामाचा आरंभ आकाश निरभ्र होण्याच्या पुष्कळ आधी करावा लागतो.